निसर्गातील शकुन-अपशकुन आणि देवाची इच्छा

सकाळी अंगणात कावळा ओरडला की पाहुणा येणार, रात्री टिटवी घरावरून ओरडत गेली की कोणाचे तरी बरेवाईट होणार, भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार, मांजर आडवे गेले की क्षणभर थांबून मगच पुढे जावे, बोलता बोलता पाल चुकचुकली की बोललेले खरे ठरणार. अशा समजुती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. बाप्तिस्मा घेतलेली आपली कुटुंबेही त्यांपासून पूर्णपणे अलिप्त राहिलेली नाहीत. अलीकडे त्यांत काही नव्या समजुतींची भर पडली आहे. वाटेत पडलेले पांढरे पीस म्हणजे देवदूताचा निरोप, अंत्यविधीनंतर घरात आलेले फुलपाखरू म्हणजे दिवंगत व्यक्तीची भेट, असे मानणारे आपल्यातही आढळतात.

यांतील बहुतेक गोष्टी हसण्यावारी नेल्या जातात. परंतु मुलीचे लग्न ठरवावयाचे असते, परदेशातील नोकरी स्वीकारावयाची असते, घरातील आजारी माणसाच्या शस्त्रक्रियेस संमती द्यावयाची असते, तेव्हा हेच शकुन गंभीर रूप धारण करतात. मनाची घालमेल होत असताना माणूस आकाशाकडे, झाडांकडे, पाखरांकडे पाहतो आणि विचारतो, देवा, मला काही खूण दे. ही सृष्टी देवाचीच आहे, मग तिच्यामधून तो मला उत्तर का देणार नाही, असा हा प्रश्न आहे. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही विचारपूर्वक दिले पाहिजे.

शकुन म्हणजे काय?

संस्कृत भाषेत ‘शकुन’ या शब्दाचा एक मूळ अर्थ पक्षी असा आहे. लॅटिन भाषेतील ‘ऑस्पिशियम’ हा शब्दही पक्षी आणि पाहणे या दोन शब्दांपासून बनलेला आहे. पक्ष्यांच्या उडण्यावरून, ओरडण्यावरून आणि दाणे टिपण्यावरून देवतांचा कौल जाणून घेण्याची रीत प्राचीन रोममध्ये राज्यकारभाराचा भाग होती. त्यासाठी ‘ऑगुर’ नावाचे अधिकृत पुरोहित नेमलेले असत. प्रसिद्ध वक्ता सिसेरो स्वतः असा ऑगुर होता, आणि तरीही अशा भविष्यकथनाच्या खरेपणाविषयी शंका उपस्थित करणारा ग्रंथ त्याने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिला. म्हणजे शकुन पाहणे हे एका देशाचे किंवा एका धर्माचे वैशिष्ट्य नाही. भविष्याची चिंता जेथे आहे, तेथे ते आढळते.

या विषयात तीन वेगवेगळ्या गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. त्या आधी वेगळ्या करू.

पहिली गोष्ट नैसर्गिक खूण. काळे ढग दाटून आले की पाऊस पडतो, कारण ढग आणि पाऊस यांचा कार्यकारणसंबंध आहे.

दुसरी गोष्ट सृष्टीची साक्ष. निर्मितीचे सौंदर्य आणि तिची सुव्यवस्था पाहून निर्माणकर्त्याची ओळख पटते आणि मन स्तुतीने भरून येते.

तिसरी गोष्ट शकुन. येथे निसर्गातील एखादी घटना माझ्या खासगी प्रश्नाचे उत्तर म्हणून घेतली जाते. घटना आणि प्रश्न यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. मांजर उंदराच्या मागे रस्ता ओलांडते, आणि मी मुलाखतीस जावे की नाही हे त्यावरून ठरवतो.

पहिल्या दोन गोष्टींना पवित्र शास्त्राची आणि ख्रिस्तसभेची पूर्ण मान्यता आहे. तिसरीला नाही. ही सीमारेषा कोठे व का आखलेली आहे, हे पुढे पाहू.

जुन्या करारातील शिकवण

इस्राएल लोक कनान देशात प्रवेश करण्याच्या तयारीत असताना त्यांना शकुनमुहूर्त पाहणे, जादूटोणा करणे आणि मृतांना प्रश्न विचारणे या गोष्टींची सक्त मनाई करण्यात आली (अनुवाद १८:९-१४, लेवीय १९:२६). ही मनाई केवळ निषेध करून थांबत नाही. लगेच पुढच्याच वचनात परमेश्वर आपल्या लोकांसाठी संदेष्टा उभा करील, असे अभिवचन आहे (अनुवाद १८:१५). शकुनांच्या जागी देव आपला शब्द देतो. ज्याला देव स्वतः बोलून मार्ग दाखवितो, त्याने पाखरांच्या मागे धावण्याचे कारण उरत नाही.

यिर्मया संदेष्ट्याने लोकांना आकाशातील चिन्हांना घाबरू नका, असे सांगितले (यिर्मया १०:२). बेन सिराच्या ग्रंथात शकुन, भविष्यकथन आणि स्वप्ने यांना मनाचे पोकळ खेळ मानले आहे. परात्पर देवाने स्वतः पाठविलेला संदेश मात्र त्यातून वगळला आहे (बेन सिरा ३४:१-८). देव कधीच चिन्ह देत नाही, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. चिन्ह देणे हे देवाच्या हाती आहे. ते माणसाने मागून किंवा शोधून काढावयाचे तंत्र नाही.

उपदेशकाच्या ग्रंथातील एक निरीक्षण आपल्या शेतकरी बांधवांना विशेष जवळचे वाटेल. जो सतत वाऱ्याकडेच पाहत बसतो त्याची पेरणी होत नाही आणि जो ढगांकडेच पाहत राहतो त्याची कापणी होत नाही, असा त्याचा आशय आहे (उपदेशक ११:४). वारा आणि ढग पाहू नयेत, असे येथे म्हटलेले नाही. पूर्ण खात्री होईपर्यंत कामाला हातच न लावणाऱ्या मनोवृत्तीला हा इशारा आहे.

मग रिबेकेचे आणि गिदोनाचे काय?

धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी वधू शोधावयास गेला तेव्हा त्याने विहिरीपाशी देवाकडे खूण मागितली (उत्पत्ती २४). गिदोनाने लोकरीचे कातडे रात्रभर बाहेर ठेवून दहिवराची खूण मागितली (शास्ते ६:३६-४०). हे शकुन पाहणे नव्हे काय?

अब्राहामाच्या सेवकाने मागितलेली खूण नीट पाहावी. जी मुलगी मला पाणी देईल आणि न सांगता माझ्या उंटांनाही पाजील, ती वधू, असे त्याने ठरविले. त्याच्याबरोबर दहा उंट होते. लांबच्या प्रवासातून आलेल्या दहा उंटांसाठी विहिरीतून पाणी काढणे हे तासन्‌तासांचे कष्ट होते. म्हणजे मागितलेली खूण ही त्या मुलीच्या औदार्याची आणि कष्टाळूपणाची परीक्षाच होती. प्रश्न आणि खूण यांचा येथे थेट संबंध आहे. शिवाय ही खूण मिळाल्यानंतरही सेवकाने तिच्या घरच्यांशी बोलणी केली आणि अखेरीस रिबेकेला बोलावून तू या मनुष्याबरोबर जातेस काय, असे विचारण्यात आले. तिने होकार दिल्यावरच ती निघाली (उत्पत्ती २४:५७-५८). देवाने दिलेल्या खुणेनेही त्या मुलीचे स्वातंत्र्य हिरावून घेतले नाही. लग्न ठरविताना शकुन पाहणाऱ्या आणि मुलीला मात्र न विचारणाऱ्या घरांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

गिदोनाची गोष्ट वेगळी आहे. काय करावे हे त्याला देवाने आधीच सांगितले होते. खूण त्याने मार्ग कळावा म्हणून मागितली नाही, तर त्याचा विश्वास डळमळत होता म्हणून मागितली. दुसऱ्यांदा मागताना तर देवा, माझ्यावर रागावू नकोस, अशी विनवणी त्याने केली. देवाने त्याच्या दुर्बलतेला सांभाळून घेतले. पवित्र शास्त्र हा प्रसंग देवाची सहनशीलता दाखविण्यासाठी सांगते. निर्णय घेण्याची पद्धत म्हणून तो आपल्यापुढे ठेवलेला नाही.

यहूदाच्या जागी मत्थियाची निवड करताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, हेही खरे (प्रेषितांची कृत्ये १:२६). परंतु हा प्रसंग पवित्र आत्म्याच्या आगमनापूर्वीचा आहे. त्यानंतर यरुशलेम येथे परराष्ट्रीय श्रद्धावंतांविषयी मोठा वाद निर्माण झाला तेव्हा प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. त्यांनी एकत्र बसून चर्चा केली, अनुभव ऐकले, शास्त्राचा आधार घेतला आणि पवित्र आत्म्याच्या सोबतीने निर्णय केला (प्रेषितांची कृत्ये १५).

प्रभू येशू आणि निसर्ग

प्रभू येशू निसर्गाकडे अत्यंत बारकाईने पाहत असे. पश्चिमेकडे ढग उठला की पाऊस येतो आणि दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा होतो, हे लोकांचे ज्ञान त्याने मान्य केले (लूक १२:५४-५६). पॅलेस्टाईनच्या पश्चिमेस समुद्र आणि दक्षिणेस वाळवंट असल्यामुळे हा अंदाज नैसर्गिक कारणांवर आधारलेला होता. हवामान ओळखणाऱ्या लोकांना देवाच्या राज्याचे आगमन मात्र ओळखता येत नाही, ही प्रभूची तक्रार होती. आकाशातून चिन्ह मागणाऱ्या परूश्यांना आणि सदूकींना त्याने योनाच्या चिन्हाखेरीज दुसरे चिन्ह देण्याचे नाकारले (मत्तय १६:१-४). ते चिन्ह म्हणजे त्याचे स्वतःचे मरण आणि पुनरुत्थान होय.

आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे पाहा, असे प्रभूने शिष्यांना सांगितले (मत्तय ६:२५-३४). ही पाखरे उद्या काय होणार ते सांगतात म्हणून त्यांच्याकडे पाहावयाचे नाही. पिता त्यांचे पोषण करतो, म्हणून उद्याची चिंता सोडून द्यावी, हे त्यांच्याकडून शिकावयाचे आहे. शकुन पाहणारा आणि येशूचा शिष्य एकाच पाखराकडे पाहतात. पहिल्याची उद्याची चिंता वाढते, दुसऱ्याची शमते.

माल्टा बेटावरील साप

एकाच घटनेचे शकुन म्हणून किती उलटसुलट अर्थ लावले जातात, याचे उत्तम उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात आहे (२८:१-९). जहाज फुटल्यानंतर संत पौल आणि इतर प्रवासी माल्टा बेटावर पोहोचले. तेथील लोकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले आणि पाऊस व थंडी असल्यामुळे शेकोटी पेटविली. पौलाने काटक्या गोळा करून विस्तवावर टाकल्या, तेव्हा उष्णतेमुळे एक साप बाहेर आला आणि त्याच्या हाताला बिलगला. ते पाहताच लोक म्हणू लागले की हा मनुष्य खुनी असला पाहिजे, समुद्रातून वाचला तरी न्यायदेवता त्याला जगू देत नाही. पौलाने साप विस्तवात झटकून टाकला. बराच वेळ वाट पाहूनही त्याला काही झाले नाही, तेव्हा तेच लोक हा देव आहे असे म्हणू लागले.

साप एकच, माणूस एकच, आणि थोड्या वेळात तो खुनीही ठरला आणि देवही ठरला. वास्तविक सापाचे कारण शेकोटीची ऊब एवढेच होते. पौलाने या दोन्ही अर्थांची फिकीर केली नाही. पुढे त्याने बेटाच्या प्रमुखाच्या वडिलांसाठी प्रार्थना केली, ते तापाने आणि हगवणीने आजारी होते, आणि ते बरे झाले.

संतांचे अनुभव आणि शिकवण

संत ऑगस्टिन यांनी ‘ख्रिस्ती शिकवणीविषयी’ हा ग्रंथ इ. स. ३९६ च्या सुमारास लिहावयास घेतला. त्यात त्यांनी आपल्या काळातील शकुनांची यादीच दिली आहे. जोडा घालताना शिंक आली की पुन्हा अंथरुणात जाऊन पडणारे, दोन मित्र चालत असताना मध्ये दगड, कुत्रा किंवा मूल आले तर मैत्री तुटेल म्हणून त्या दगडावर पाय आपटणारे किंवा निष्पाप मुलाला चापट मारणारे लोक त्यांनी पाहिले होते. कुत्र्याला मारणाऱ्याला तो कुत्रा कधीकधी चावून खऱ्या वैद्याकडे पाठवितो, असेही त्यांनी मिश्कीलपणे नोंदविले आहे. उंदरांनी आपले जोडे कुरतडले, हा कसला शकुन, असे एकाने रोमन विचारवंत केटो यांना विचारले असता, यात नवल नाही, जोड्यांनी उंदीर कुरतडले असते तर नवल होते, असे उत्तर मिळाल्याची गोष्टही ते सांगतात.

याच ऑगस्टिन यांच्या जीवनात इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत एका बालकाचा आवाज ऐकू आला आणि पौलाचे पत्र उघडताच त्यांचे परिवर्तन झाले, हे सर्वश्रुत आहे. काहीजण त्यावरून बायबलचे कोणतेही पान उघडून उत्तर शोधण्याची प्रथा समर्थनीय मानतात. परंतु त्या आवाजाने त्यांना कोणताही ऐहिक निर्णय दिला नव्हता. शुभवर्तमानाच्या शब्दाने त्यांना पापाचा त्याग करण्याचे सामर्थ्य दिले. पुढे बिशप झाल्यावर त्यांनी एका पत्रात स्पष्टपणे लिहिले की ऐहिक व्यवहारांसाठी शुभवर्तमानाच्या पानांतून कौल घेण्याची रीत आपल्याला पसंत नाही. सहाव्या शतकात आर्ल येथील बिशप संत सीझेरियस यांनीही प्रवासाला निघताना शिंका आणि पक्ष्यांचे आवाज यांकडे लक्ष देऊ नये, असा उपदेश आपल्या लोकांना केला होता.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या विषयाची तर्कशुद्ध मांडणी केली. पशुपक्ष्यांच्या हालचाली हवेतील बदलांना अनुसरून होत असतील तर त्यांवरून पाऊस किंवा वारा यांचा अंदाज बांधण्यात काहीही गैर नाही, असे ते म्हणतात. देव आपल्या इच्छेने एखाद्या प्राण्याचा उपयोग करू शकतो, हेही ते मान्य करतात. मात्र ज्या गोष्टींशी त्या प्राण्यांचा नैसर्गिक संबंध नाही, अशा मानवी घटनांचे भाकीत त्यांवरून करणे ही अंधश्रद्धा होय, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

लोयोलाचे संत इग्नेशियस यांचा एक प्रसंग या विषयात फार बोलका आहे. त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतःच तो सांगून ठेवला. इ. स. १५२२ मध्ये मोन्सेरातकडे जाताना त्यांची एका मूर मनुष्याशी पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी चर्चा झाली. तो मनुष्य पुढे निघून गेल्यावर इग्नेशियस यांना वाटू लागले की आपण मरियेच्या सन्मानाचे रक्षण केले नाही, आणि त्याला गाठून खंजिराने भोसकावे, अशी इच्छा त्यांच्या मनात उसळली. काय करावे ते समजेना, तेव्हा त्यांनी आपल्या खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर त्या मनुष्याच्या गावाकडे वळले तर त्याला मारावयाचे, राजमार्गाने गेले तर सोडून द्यावयाचे, असे त्यांनी ठरविले. गाव अगदी जवळ होते आणि तिकडे जाणारा रस्ताही रुंद होता, तरी खेचर राजमार्गाने गेले.

हा प्रसंग इग्नेशियस यांनी अनुकरणासाठी सांगितलेला नाही. देवाची सेवा करण्याची तीव्र इच्छा असूनही अजून आंधळ्या असलेल्या आत्म्याला प्रभू कसा सांभाळतो, हे समजावे म्हणून तो सांगितला आहे. मनुष्यहत्या करावी की नाही, याचे उत्तर पाचव्या आज्ञेत दिलेलेच होते. त्यासाठी खेचराला विचारण्याची गरज नव्हती. त्याच काळात इग्नेशियस रात्री आकाशाकडे आणि ताऱ्यांकडे तासन्‌तास पाहत आणि त्यातून त्यांच्या मनात प्रभूची सेवा करण्याची प्रेरणा बळावत असे. तारे त्यांना काहीही भविष्य सांगत नव्हते. सृष्टी हा प्रार्थनेचा मार्ग होऊ शकतो आणि कौल लावण्याचे साधनही बनविला जाऊ शकतो, हे दोन्ही एकाच संताच्या चरित्रात दिसते. पुढे त्यांनी खेचराचा मार्ग सोडून विवेकाचे नियम तयार केले. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली.

ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात पहिल्या आज्ञेचे विवेचन करताना हा विषय येतो. देव संदेष्ट्यांना आणि संतांना भविष्य प्रकट करू शकतो, मात्र भविष्याविषयी ख्रिस्ती माणसाने स्वतःला विश्वासाने देवाच्या हाती सोपवावे आणि अनारोग्य कुतूहल टाळावे, असे परिच्छेद २११५ सांगतो. परिच्छेद २११६ मध्ये जन्मपत्रिका, ज्योतिष, हस्तसामुद्रिक आणि शकुनांचा अर्थ लावणे या सर्व प्रकारांचा अव्हेर केला आहे. या प्रकारांच्या मुळाशी काळावर, इतिहासावर आणि इतर माणसांवर सत्ता गाजविण्याची इच्छा असते, आणि केवळ देवाला द्यावयाचा प्रेमयुक्त आदर त्यामुळे डावलला जातो, असे कारण तेथे दिलेले आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये काळाची चिन्हे ओळखण्याचे आवाहन केले. त्याचा शकुनांशी संबंध नाही. समाजातील घडामोडींचा शुभवर्तमानाच्या प्रकाशात अर्थ लावणे, असा त्याचा आशय आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये लिहिलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात संपूर्ण सृष्टी देवाच्या प्रेमाची भाषा बोलते, हे पुन्हा एकदा अधोरेखित केले. ही भाषा सर्वांसाठी आहे. तिचे खासगी चिठ्ठीत रूपांतर करू नये.

टिटवी का ओरडते?

अपशकुनी मानल्या गेलेल्या प्राण्यांची खरी ओळख झाली तर बरीचशी भीती नाहीशी होते. टिटवी हा जमिनीवर घरटे करणारा पक्षी आहे. उघड्यावरच्या खड्यांमध्ये ती अंडी घालते, म्हणून माणूस, कुत्रा किंवा कोल्हा जवळून गेला की अंड्यांच्या आणि पिलांच्या रक्षणासाठी ती रात्रीही ओरडत उठते. ज्या घरात कोणी अत्यवस्थ आहे, त्या घराभोवती रात्री माणसांची आणि दिव्यांची ये-जा असते. टिटवी त्या हालचालीमुळे ओरडते. पहाटे रुग्ण दगावला तर टिटवीचे ओरडणे लक्षात राहते. बाकीच्या शेकडो रात्री ती ओरडली आणि काहीही झाले नाही, ते कोणी लक्षात ठेवीत नाही.

पाल आपल्या हद्दीची जाणीव दुसऱ्या पालीला करून देण्यासाठी चुकचुकते. घुबड रात्री उंदीर मारून शेतकऱ्यावर उपकार करते. उलट, पावसाळ्याच्या तोंडावर आफ्रिकेतून येणारा चातक आणि उन्हाळ्याच्या अखेरीस सतत ओरडणारा पावशा यांवरून ऋतू बदलत असल्याचे कळते, आणि ते शेतकऱ्यांच्या खऱ्या निरीक्षणावर आधारलेले आहे. वाऱ्याची दिशा आणि पाण्याचा रंग पाहून होडी परत फिरविणारा आपला कोळी बांधव अंधश्रद्धाळू नाही. तो देवाने दिलेली बुद्धी वापरीत आहे.

शकुनांची किंमत कोण मोजतो?

हा विषय केवळ वैयक्तिक समजुतीचा राहत नाही. शकुनांची किंमत बहुधा दुर्बलांना मोजावी लागते.

पहिली किंमत मुक्या प्राण्यांना मोजावी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घुबडांना संरक्षण असूनही अंधश्रद्धेपायी आणि जादूटोण्यासाठी त्यांची शिकार व विक्री होते, याकडे ट्रॅफिक इंडिया या संस्थेने २०१० च्या अहवालात लक्ष वेधले होते. देवाने चांगली म्हणून निर्माण केलेली सृष्टी आपण शुभ आणि अशुभ अशी विभागतो, तेव्हा तिच्या निर्माणकर्त्याचाच अवमान करतो.

दुसरी आणि अधिक दुःखद किंमत माणसांना मोजावी लागते. पाखरात आणि मांजरात शकुन शोधण्याची सवय लागलेले मन हळूहळू माणसांतही शकुन शोधू लागते. नवी सून घरात आली आणि त्याच महिन्यात गाय दगावली किंवा विहीर आटली, की तिचा पायगुण चांगला नाही असे कुजबुजले जाते. शुभकार्याच्या वेळी विधवा भगिनीला मागे उभे राहावे लागते. माल्टा बेटावर पौलाला खुनी ठरविणारा तर्क तो हाच. सिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा लोक इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, या प्रश्नाला प्रभूने ठाम नकार दिला (लूक १३:४-५). जन्मांधाच्या बाबतीतही त्याने तेच केले (योहान ९:३). आपत्तीवरून माणसाची किंमत ठरविणे ख्रिस्ती घरात चालू शकत नाही.

तिसरी किंमत निर्णय घेणाऱ्याला मोजावी लागते. शकुन पाहून घेतलेला निर्णय फसला तर देवानेच फसविले असे वाटते. शकुन डावलून घेतलेला निर्णय फसला तर आयुष्यभर अपराधीपणा मनाला टोचत राहतो. दोन्ही प्रकारे देवाविषयीचे प्रेम कमी होते आणि भय वाढते.

दुःखात असलेल्यांसाठी

आप्ताच्या मृत्यूनंतर अंगणात आलेल्या फुलपाखरात किंवा पाखरात सांत्वन शोधणाऱ्यांना कठोर शब्दांनी दुखवू नये. त्या वेळी मन अतिशय हळवे झालेले असते. फुलपाखरू पाहून आईची आठवण येणे, डोळे भरून येणे आणि देवाचे आभार मानावेसे वाटणे, यात काहीही गैर नाही. परंतु आईच फुलपाखरू होऊन आली, असे मानणे ही ख्रिस्ती आशा नव्हे. आपली आशा याहून मोठी आहे. दिवंगत व्यक्ती देवाच्या हाती आहे, शेवटच्या दिवशी तिचे पुनरुत्थान होणार आहे आणि संतांच्या समागमात आपण आजही तिच्याशी जोडलेले आहोत. तिच्यासाठी मिस्सा अर्पण करणे, २ नोव्हेंबर रोजी कबरीवर प्रार्थना करणे, तिच्या नावाने दानधर्म करणे, हे आपल्या भेटीचे मार्ग आहेत. यांत कोणतेही फुलपाखरू येण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि ते आले नाही म्हणून निराशही व्हावे लागत नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

शकुन नको म्हटल्यावर त्यांच्या जागी काय ठेवावयाचे, हे सांगितले पाहिजे. ख्रिस्तसभेच्या परंपरेत पुढील मार्ग सुचविलेला आढळतो.

१. प्रश्न नेमका काय आहे, तो स्पष्ट शब्दांत मांडावा. पुष्कळदा प्रश्न अस्पष्ट असतो म्हणून खूण हवीशी वाटते.

२. देवाच्या आज्ञांनी किंवा आपल्या जीवनावस्थेच्या कर्तव्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधीच दिलेले आहे काय, ते पाहावे. वाईट गोष्ट करावी की नाही, यासाठी खूण मागू नये.

३. आवश्यक ती माहिती मिळवावी. आजाराविषयी डॉक्टरांना विचारावे, नोकरीविषयी करारपत्र वाचावे, स्थळाविषयी प्रत्यक्ष भेटून चौकशी करावी.

४. दररोज ठरावीक वेळ प्रार्थना करावी आणि पवित्र शास्त्र क्रमाने वाचावे. वाटेल ते पान उघडून त्यातील ओळीला उत्तर समजू नये.

५. अनुभवी आणि निःस्वार्थी व्यक्तींचा सल्ला घ्यावा. धर्मगुरू, आध्यात्मिक मार्गदर्शक, आईवडील किंवा समजूतदार मित्र यांच्याशी मोकळेपणाने बोलावे.

६. संत इग्नेशियस सुचवितात त्याप्रमाणे, हाच प्रश्न घेऊन एखादा अनोळखी मनुष्य आपल्याकडे आला तर आपण त्याला काय सल्ला देऊ, आणि मृत्युसमयी आपण कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल, याचा विचार करावा.

७. मन अस्वस्थ, निराश किंवा घाबरलेले असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. शांततेत घेतलेल्या निर्णयामागून श्रद्धा, आशा आणि प्रेम वाढते आहे काय, ते काही काळ पाहावे.

८. त्यानंतर निर्णय घ्यावा आणि पुढे चालावे. चूक झाली तरी देव साथ सोडीत नाही.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

*मांजर आडवे गेल्यावर मनात चरकते. हे पाप आहे काय?*

लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींमुळे मनात आपोआप उठणारी भीती हे पाप नव्हे. जाणूनबुजून आणि मनाच्या संमतीने त्या भीतीला आपले जीवन चालवू देणे, किंवा शकुन सांगणाऱ्याकडे जाऊन पैसे देऊन सल्ला घेणे, हे मात्र पहिल्या आज्ञेच्या विरुद्ध आहे. तसे घडले असेल तर प्रायश्चित्त संस्कारात ते सांगावे. भीती वाटली तर क्रुसाची खूण करावी आणि न थांबता आपल्या कामास जावे.

*शेजारी शकुन पाळतात. त्यांच्याशी कसे वागावे?*

आपले शेजारी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आपल्या टीकेचा विषय नाहीत. त्यांची चेष्टा करू नये. आपल्या घरातील सुनेला, विधवा भगिनीला आणि आजारी माणसाला आपण कसे वागवितो, यावरून आपली श्रद्धा त्यांना अधिक चांगली कळेल.

एलिया संदेष्टा होरेब डोंगरावर देवाची वाट पाहत उभा होता, तेव्हा सोसाट्याचा वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी प्रकटला, परंतु परमेश्वर त्यांत नव्हता. नंतर आलेल्या मंद, शांत वाणीतून त्याला देवाचा आवाज आला आणि त्या आवाजाने त्याला सांगितले की परत जा आणि तुझे राहिलेले काम कर (१ राजे १९:९-१८). आपल्या धर्मग्रामातील ज्या कुटुंबांपुढे आज एखादा कठीण निर्णय उभा आहे, त्यांनी या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी हा उतारा एकत्र वाचावा आणि आपला प्रश्न एकमेकांपुढे मोकळेपणाने मांडावा.